आईची माशी, वहिनीची मुंगी

सकाळपासून धाकटीच्या पायाला भिंगरी लागली होती. खुर्चीत बसली की उठायची, उठली की खिडकीपाशी जायची, खिडकीपाशी गेली की परत टेबलाजवळ येऊन पर्समध्ये हात घालायची आणि ती काचेची नळी जागेवर आहे ना, हे चाचपून बघायची. नळी कुठे जाणार? नळीला काही पाय नव्हते. पाय होते ते नळीतल्या दोन जीवांना, आणि त्यांनीच तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

संग्रहालयाच्या तळमजल्यावरची ती खोली म्हणजे किड्यांचं गोदामच. भिंतीला भिडून लाकडी कपाटं, कपाटांत पेट्या, पेट्यांत टाचण्यांवर टोचलेले जीव आणि प्रत्येकाच्या खाली नखाएवढी चिठ्ठी. नवा किडा आला की त्याचे पाय, पंखांच्या शिरा, अंगावरचे केस, सगळं मायक्रोस्कोपखाली न्याहाळायचं, वर्णन लिहायचं, तो कुणाच्या गोतावळ्यातला ते ठरवायचं आणि आजवर कुणीच नाव दिलेलं नसेल तर त्याला नाव द्यायचं, ही धाकटीची नोकरी. वरच्या मजल्यावर तिचा थोरला भाऊ, दादा, हेच काम करायचा. एका आईची दोन्ही मुलं किड्यांच्या नादी लागली म्हणून नातेवाइकांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. पुढे दोघांना पगार सुरू झाल्यावर त्यांनी तो हात खाली घेतला.

तर आज सकाळी झालं असं. इमारतीच्या मागे गाड्या लावायला नवी जागा करायचं काम चाललंय, तिथे वाळूचा ढीग पडलाय. कामावर येताना धाकटी नेहमीसारखी त्या ढिगाशी रेंगाळली. किडेवाल्यांना वाळू दिसली की पुढे पाऊल टाकवत नाही. वाळूवरून अगदी खालून एक काळपट, पंखवाली माशी उडत गेली. तिचं उडणं जड होतं, काहीतरी ओझं घेऊन चालल्यासारखं. धाकटीने जाळं फिरवलं, सापडलं ते नळीत घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि तिथेच मटकन खाली बसली.

उडणारी होती ती आईची माशी. तिने पोटाशी धरून नेलेली होती ती वहिनीची मुंगी.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर यात रडण्यासारखं काय आहे हे कुणाला कळायचं नाही. गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यात एक कुळ आहे. त्यातल्या माद्यांना पंखच नसतात. अंगावर मखमलीसारखे लाल-काळे केस, चाल तुरुतुरु, बघणारा म्हणेल मुंगीच आहे. डंख मात्र असा की माणूस नाचायला लागेल. नरांना पंख असतात, डंख नसतो, आणि रंगरूप इतकं निराळं की नवरा-बायको शेजारी ठेवले तरी हे एका घरचे म्हणून कुणी ओळखणार नाही. त्यामुळे या कुळात एक घोटाळा पूर्वीपासून होत आलाय. एकजण नराला नवी प्रजाती समजून नाव देतो, दुसरा मादीला वेगळी प्रजाती समजून वेगळं नाव देतो, आणि पुढे कधीतरी दोघं जोडीने सापडले की कळतं, अरे, हा तर एकच संसार! जनुकांच्या तपासणीनेही कळतं म्हणा, पण तपासायला आधी संशय तर यायला हवा. हा घोटाळा धाकटी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची, आणि शिकवताना हसायची.

असा घोटाळा उघड झाला की नियम एकच आहे. जे नाव आधी दिलं ते राहतं. नंतरचं पडतं. कुणाचं आहे, कशासाठी दिलंय, कोण किती खूश झालंय, हे कुणी विचारत नाही.

वहिनीचं नाव आधीचं होतं. लग्नानंतर दादा तिला घेऊन एका नदीकाठी नमुने गोळा करायला गेला होता. (लग्नानंतर लोक बायकोला कुठे कुठे नेतात, दादाने हे केलं.) तिथे वाळूतली ती लाल-काळी मुंगी आधी वहिनीला दिसली. किती सुंदर आहे म्हणून तिने ती बोटांनी उचलली आणि जी किंचाळली ती पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेली. बोट टम्म सुजलं. दादाने त्या मुंगीचं वर्णन छापलं तेव्हा तिला वहिनीचं नाव दिलं. घरी पाहुणे होते त्या दिवशी. सगळ्यांसमोर आई म्हणाली होती, “डंख मारणारीला हिचंच नाव? अगदी शोभतंय हो!” पाहुणे हसले. दादा ताटात बघत राहिला. धाकटीही तिथे होती आणि तीही मिठाची गुळणी धरून बसली.

आई वाईट नव्हती. जीभ मात्र तिखट होती, आणि वहिनी ऐकून घेणारी होती. ऐकून घेणारं माणूस एक दिवस काही न बोलता उठून जातं, तशी वहिनी गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन बॅगा भरल्या, दादाच्या टेबलावर घराची किल्ली ठेवली आणि दुसऱ्या गावी नोकरी धरली. त्यानंतर आईला त्या घरात करमेना. ती धाकटीकडे राहायला आली. दादा एकटा पडला, बहीण-भावाचं बोलणं कामापुरतं उरलं आणि वहिनीचं नाव घरात घ्यायचं बंद झालं.

मग गेल्या वर्षी धाकटीला पार डोंगरापलीकडे, एका दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या काळपट पंखवाल्या माश्या सापडल्या. सगळे नरच. मादी शोधून सापडली नाही. धाकटीने वर्णन छापलं आणि नाव दिलं आईचं. बाकी कुणाला कशाला, वडील गेल्यावर दोन मुलांना शिकवलं ते तिनेच.

आईला आभाळ ठेंगणं झालं. तिने एकच प्रश्न विचारला होता, “डंख मारते का गं?”

“नाही. पण आई, ते नर आहेत. नर डंख मारतच नाहीत.”

“नाही ना मारत? झालं तर!” आईने पुढचं ऐकलंच नाही. शेजारीपाजारी, दवाखान्यात, दुकानात, जिथे जाईल तिथे सांगत सुटली, माझ्या नावाची माशी आहे, अतिशय गरीब स्वभावाची आहे. हळूहळू ती त्या माशीबद्दल ‘मी’ म्हणूनच बोलायला लागली. ‘माझे पंख जरा धुरकट आहेत.’ ‘मी रात्री दिव्यापाशी येते.’ आता संग्रहालयात नव्या प्रजातींचं प्रदर्शन लागणार होतं, मधल्या दालनात त्या माशीचं दाराएवढं चित्र लागलं होतं आणि उद्या सकाळी रिबन कापायला खुद्द आईच येणार होती.

आणि आज ही नळी.

दुपार होईपर्यंत धाकटीने तेच टेबल तीनदा आवरलं. मांडणीवाला, म्हणजे प्रदर्शनाची सगळी चित्रं आणि पाट्या लावणारा गृहस्थ, दारात येऊन म्हणाला, “ताई, आईंचं चित्र बघून घ्या ना. पाटीवर नाव उजवीकडे ठेवू की मधोमध?”

“राहू दे अजून. नाव लावू नकोस.”

“अहो, उद्या सकाळी कार्यक्रम आहे!”

“लावू नकोस म्हटलं ना!” धाकटी खेकसली. तो बिचारा आल्या पावली परत गेला, आणि धाकटीला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात आईचा फोन. “अगं, नवा चष्मा मिळाला. काय लख्ख दिसतंय! उद्या मला माझे मिशीचे केससुद्धा दिसतील. तुमच्या त्या चित्रात माझे पाय नीट आलेत ना? मागच्या फोटोत एक पाय दुमडलेला होता.”

“नीट आलेत, आई.”

“तुझा आवाज का असा? जेवलीस का?”

“जेवले,” धाकटी म्हणाली. डबा न उघडता समोर पडला होता.

फोन ठेवून तिने नळी बाहेर काढली. सकाळी एकमेकांना घट्ट धरून बसलेले दोघं आता सुटे झाले होते. नर एका टोकाला, मादी दुसऱ्या टोकाला. जोडी मोडली होती. आता त्यांना एकत्र पाहिलेलं जगात कोण होतं? फक्त ती. आणि ती बोलली नाही तर?

हा विचार एकदा आला तो जायलाच तयार होईना. ती नळी मुठीत धरून तडक मागच्या वाळूपाशी गेली. ऊन होतं, मजूर जेवायला गेले होते. बूच अर्धं ओढलं. सोडून द्यायचं, बस. नर उडून जाईल, मादी वाळूत शिरेल. उद्या आई रिबन कापेल, लोक टाळ्या वाजवतील. आईचं वय झालंय. ती आहे तोवर माशी तिची राहिली तर कुणाचं काय जाणार आहे? पुढे कुणाला सापडायचं तेव्हा सापडेल. धाकटी तिथे उभी राहून स्वतःशी असं वकिलासारखं बोलत होती आणि बुचावरचा अंगठा काही हलत नव्हता. तिला आईचा चेहरा दिसत होता, तसा वहिनीचाही दिसायला लागला. पाहुणे हसत असताना वहिनीने डंख बसलेलं ते बोट टेबलाखाली नेलं होतं. तेव्हाही धाकटीने पाहिलं होतं, आणि तेव्हाही ती गप्पच बसली होती.

तिने बूच आत दाबलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

दादा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. तिने काही न बोलता नळी त्याच्यापुढे ठेवली.

“कुठे?” त्याने विचारलं.

“मागे, वाळूत. तो तिला घेऊन उडत होता. मी डोळ्यांनी पाहिलं. आता सुटलेत, पण मी पाहिलंय, दादा. आईची माशी आणि वहिनीची मुंगी एकच आहे. आईचं नाव पडतं. उद्या सकाळी ती रिबन कापायला येणार आहे आणि मी काय करू ते सांग. नुसता बघत बसू नकोस!”

दादा नुसता बघत बसला. मग उठला, कोपऱ्यातल्या कपाटातून एक छोटी पेटी काढली आणि तिचं झाकण उघडून बहिणीसमोर ठेवली. आत एकच टाचणी होती. टाचणीवर एक काळपट पंखवाला नर, आणि त्याच्या पोटाशी घट्ट बिलगलेली, लाल-काळी, मखमली मादी. खाली दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती. जागा तीच, नदीकाठची.

धाकटी पेटीवर वाकली. “हे कधीचं?”

“तुझं वर्णन छापून झालं, त्यानंतरचं. थोड्याच दिवसांनी.”

“आणि तू गप्प बसलास? वर्षभर? मी मेले इथे सकाळपासून! विद्यार्थी चिठ्ठीवर तारीख लिहायला विसरला तर त्याला सोलून काढतोस, आणि स्वतः अख्खी जोडी दडवून ठेवलीस? आईसाठी?”

“आईसाठी म्हटलं तर बरं दिसेल,” दादा म्हणाला. “पण नाही. लिहायला बसलो होतो मी. दोनदा बसलो. पण लिहायचं म्हणजे तिचं नाव लिहायचं. पहिल्या ओळीत तिचं नाव, शेवटच्या ओळीत तिचं नाव, आणि मधे सगळीकडे, हिचा नर असा, हिची मादी तशी. मला नाही जमलं. एवढंच आहे ते.”

“अजून जातोस त्या नदीकाठी?”

“जातो.”

“तिला कधी सांगितलंस, की जातोस म्हणून?”

दादा मायक्रोस्कोपची काच पुसायला लागला. धाकटीला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. यातलं काहीच तिला धड करता येईना, म्हणून ती खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

“त्या दिवशी तू आईला काहीतरी बोलायला हवं होतंस,” ती शेवटी म्हणाली.

“तू तरी कुठे बोललीस?”

दादाने पेटी बंद केली, कोट चढवला. “चल. आज बोलू.”

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. आई नवा चष्मा लावून खिडकीत बसली होती आणि उद्याचे कपडे खुर्चीच्या पाठीवर मांडलेले होते. कित्येक दिवसांनी मुलगा दारात दिसला म्हटल्यावर ती आधी हरखली आणि मग दोघांची तोंडं बघून सावध झाली.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही गेलं, आई,” धाकटी म्हणाली, आणि उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. सकाळची वाळू, नळी, दादाची पेटी, नियम. बोलताना ती आईकडे बघतच नव्हती. खुर्चीवरच्या त्या कपड्यांकडे बघून बोलत होती.

आईने हात पुढे केला. “दाखव.”

तिने आधी नळी खिडकीकडे धरली. “हे दोघं तर तोंड फिरवून बसलेत,” ती म्हणाली, आणि चष्म्यावरून दादाकडे एक नजर टाकली. मग पेटी मांडीवर घेतली. नव्या चष्म्यातून तिला सगळं लख्ख दिसत असणार, कारण तिचं नाक जवळजवळ टाचणीला टेकलं.

“पंखवाली ती मी?”

“हो. म्हणजे तो. तो नर आहे, आई.”

“ते सांगितलं होतंस तू. मीच ऐकलं नाही. आणि खालची ती?”

“वहिनीची.” हा शब्द या घरात किती दिवसांनी उच्चारला गेला! तिघांनाही तो ऐकू आला.

“कोण कुणाला धरतंय?”

“नर मादीला उचलून नेतो,” दादा म्हणाला. “तिला पंख नाहीत ना. म्हणून हाच तिला घेऊन उडतो.”

“म्हणजे मी हिला उचलून घेऊन फिरतेय?” आईने वर बघितलं आणि तिला हसू फुटलं. ती अशी हसायला लागली की चष्मा काढावा लागला. “ऐकलंस का! मी हिला! कडेवर घेऊन!” धाकटीलाही हसू आलं, दादाचाही ओठ हलला. आईचं हसू मात्र लवकर थांबलं, आणि चष्मा पुसत असलेले तिचे हात पुसतच राहिले.

“मी तर तिला एक दिवससुद्धा उचललं नाही रे,” ती म्हणाली. “डंख माझा होता. नाव तिला ठेवलं.”

दादा खाली बघत राहिला. धाकटी म्हणाली, “आई, उद्याचं मी सांभाळते. मांडणीवाल्याला सांगते...”

“काय सांगतेस? पाटीवर कुणाचं नाव लागणार, ते बोल.”

“वहिनीचं. तुझं खाली बारीक अक्षरात, की काही काळ हेही नाव होतं म्हणून.”

“खालीच राहू दे. पण मग रिबन मी का कापू? जिचं नाव तिने कापावी.” आईने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “तिला माहीत आहे का हे?”

“नाही.”

“फोन लाव.”

“आई, असं एकदम...” धाकटी घाबरली. “ती उचलणार नाही. उचलला तरी काय बोलणार तू?”

“तू नको लावू. तो लावेल. त्याला नंबर पाठ आहे.”

दादाने मान वर केली नाही, पण फोन काढला. नंबर शोधायला लागला नाही त्याला. बटणं दाबली आणि फोन आईच्या हातात देऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला. घंटा वाजत राहिली. धाकटी दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. आईने तिला हातानेच दटावलं.

पलीकडून फोन उचलला गेला. “हॅलो” वगैरे काही नाही, नुसताच उचलला गेला.

“तो नाही, मी बोलतेय,” आई म्हणाली. “ठेवू नकोस गं. एक सांगायला फोन केलाय. तुझ्या मुंगीचा नवरा सापडला. इतके दिवस आमच्याकडेच होता.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. पण फोन ठेवल्याचाही आला नाही. आईने तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून ठेवला, आणि धाकटी दारातच थांबली.